मिक्सरच्या आवाजातला मालकंस

"अगं, तो मिक्सर बंद कर आधी! काय दळतेयस इतका वेळ?"

बाहेरच्या खोलीतून ह्यांचा आवाज आला तेव्हा मी ओट्याशी गवार मोडत उभी होते आणि मिक्सर धुऊन-पुसून फळीवर पालथा पडला होता. चालू होतं ते गाणं! आमच्या धाकट्यानं पुण्याहून फोनवर पाठवलेलं. मी हसत बाहेर गेले आणि तसं सांगितलं. ह्यांनी पेपरातून मान वर काढली, "ह्याला गाणं म्हणतात?" एवढं विचारलं आणि मान पुन्हा पेपरात घातली.

पण कोपऱ्यातल्या पलंगावर आमच्या सासूबाई वाती वळत बसल्या होत्या. वय वर्षं ब्याऐंशी. त्यांचा हात थांबला. "थांब गं जरा. मोठं कर ते," म्हणाल्या. मी आवाज वाढवला. दोन मिनिटं त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि मग चांगल्याच रागावल्या. "मालकंस आहे हा! आणि सकाळी अकरा वाजता? रात्रीचा राग तो! लावणाऱ्याला काही वेळकाळ?"

मैत्रिणींनो, त्या दिवसापासून आमच्या घरात जे सुरू झालं त्याची हकिकत सांगायला आज बसले आहे. सांगता सांगता तुम्हालाही चार नावं सुचवीन. पण आधी थोडं मागचं सांगायला हवं.

आमचं घर मनीषनगरला. नागपूरच्या बाहेरच्यांसाठी सांगते, वर्धा रोडवरून रेल्वेचे रूळ ओलांडले की आमची वस्ती. एके काळी फाटकापाशी ताटकळण्यात आमचं अर्धं आयुष्य गेलं. आता पूल झाला, पलीकडे उज्ज्वलनगरला मेट्रो थांबते. रेल्वेगाड्यांचा खडखडाट मात्र आहे तो आहेच, आणि त्याची आम्हाला सवय आहे. सवय झाली नाही ती आमच्या धाकट्याच्या गाण्यांची. कॉलेजात गेल्यापासून खोलीचं दार लावून तो जे काही लावायचा, त्यानं मांडणीतली भांडी थरथरायची. खरं सांगते, मलाही तो नुसता गोंगाट वाटायचा. नोकरीसाठी तो पुण्याला निघाला, त्याच्या आदल्या रात्री ह्यांचा संयम सुटला. ते खोलीत गेले आणि खटकन प्लग उपटला. पोट्टा एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पाया पडला आणि गाडीत बसला.

त्यानंतरचे आमचे फोन तुम्हाला वेगळे सांगायला नकोत. "जेवलास?" "हो." "काय होतं?" "मेसचं." "तब्येत?" "बरी आहे. ठेवू?" ह्यांच्याशी तर तेवढंही नाही. सहा महिने असे गेले. जाताना त्यानं आपला छोटा स्पीकर घरीच ठेवला होता. रोज त्याच्यावरची धूळ पुसताना माझ्या पोटात कालवायचं. एका दुपारी मनाचा हिय्या करून त्याला निरोप लिहिला, "तू ऐकतोस त्यातलं मला झेपेल असं काही पाठव."

दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी नावांची ही लांबलचक यादी आली! आणि प्रत्येक नावाखाली, हे कुणी केलं, कधी केलं, तुला का आवडेल. आपला मुलगा एवढं लिहू शकतो हे मला माहीतच नव्हतं.

तर यादीतलं पहिलंच नाव त्या मालकंसाचं. रेकॉर्डचं नाव 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. वाजवणारे चरणजित सिंग. मुंबईच्या सिनेसंगीताच्या वाद्यवृंदात गिटार वाजवणारे कलावंत. ज्यांचं वाजवणं आपण शेकडो वेळा ऐकलेलं असतं आणि नाव एकदाही नाही, अशांपैकी एक. १९८२ साली त्यांनी रोलँड ह्या जपानी कंपनीची तीन यंत्रं घेतली आणि त्यांवर दहा राग वाजवले. भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. खाली सरळ चार मात्रांचा डिस्कोचा ठेका. तबल्याची सम शोधायला जाल तर फसाल.

तीन यंत्रांपैकी एक कीबोर्ड, एक ठेका देणारं, आणि तिसरं म्हणजे टीबी-३०३ नावाचं चपटं खोकं. ह्या खोक्याची गोष्ट मला फार आवडली. एकट्यानं सराव करणाऱ्या गिटारवाल्याला साथीला खर्जाचा आवाज मिळावा म्हणून ते काढलं होतं. पण आवाज खऱ्या गिटारीसारखा येईना, कुणी घेईना. १९८४ मध्ये कंपनीनं ते बनवायचंच थांबवलं. जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळायला लागलं आणि अमेरिकेतल्या शिकागोच्या काही तरुणांच्या हाती पडलं. त्यांनी त्याच्या कळा उलटसुलट पिळून जो चिरका, वळवळता आवाज काढला, त्यातून १९८७ साली 'फ्यूचर' नावाच्या मंडळींची 'ॲसिड ट्रॅक्स' ही रेकॉर्ड निघाली आणि नाचाच्या संगीताची एक नवी शाखाच सुरू झाली. 'ॲसिड हाउस' म्हणतात तिला. आणि गंमत बघा, आमच्या चरणजित सिंगांनी त्याच जातीचे आवाज पाच वर्षं आधी मुंबईत बसून काढले होते!

त्या वेळी त्यांना कुणी विचारलं नाही. २००२ साली एडो बाउमन ह्या डच संग्राहकाला ती रेकॉर्ड दिल्लीत सापडली. २०१० मध्ये त्यानं ती पुन्हा काढली, आणि ऐकणारे थक्क झाले. मग सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग युरोपात जाऊन वाजवू लागले आणि नातवंडांच्या वयाची पोरं त्यांच्या यमनवर नाचू लागली. २०१५ साली ते गेले. शेवटी शेवटी का होईना, कौतुक त्यांच्या कानांवर पडलं.

आता तुम्ही म्हणाल, यंत्रावर कुठं राग वाजतो का? मीही तेच म्हटलं होतं. पण सासूबाईंनी ऐकता ऐकता दोन गोष्टी दाखवल्या. एक म्हणजे ते खोकं एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातं, अगदी मींड घेतल्यासारखं. हार्मोनियमला हे जमत नाही. दुसरी म्हणजे खालची तीच तीच ओळ पुन्हा पुन्हा येत राहते. "अगं, तबल्याच्या सोलोला मागं लेहरा धरतात ना, तसंच की हे!" खरंच तसं आहे. लेहरा पक्का असला की वर मोकळेपणानं काय हवं ते करता येतं. हे एकदा कळलं आणि ह्या सगळ्या यंत्रसंगीताकडे बघण्याची माझी नजरच बदलली. त्याच त्या आवर्तनाचा कंटाळा येण्याऐवजी, आता ह्यात कुठं काय बदललं ते शोधायला लागते. नवशिक्या बहिणींनी यमन किंवा भूपाळीपासून सुरुवात करावी. मेघमल्हार मात्र मी मे महिन्यात, कूलरच्या घरघरीत लावते. पाऊस काही पडत नाही, पण बरं वाटतं.

यादीतलं दुसरं नाव ऐकून मात्र मी दोन दिवस गप्प होते.

रूपा बिस्वास नावाची एक बंगाली मुलगी. कोलकात्याची, गाणं शिकलेली. भावाकडे कॅनडात, कॅलगरीला गेली होती. तिथं तिचं गाणं सरोदवादक आशिष खाँ ह्यांच्या कानी गेलं आणि १९८२ मध्ये 'डिस्को जॅझ' नावाची एक रेकॉर्ड निघाली. सरोद, तबला, विजेची गिटार, ड्रम आणि रूपाचा तो गोड, जरा लाजरा आवाज. चारच गाणी. पण दिवस कोणते? १९८०च्या 'कुर्बानी'नंतर आणि १९८१च्या 'डिस्को दीवाने'नंतर घरोघरी नाझिया हसन वाजत होती. त्या लाटेत रूपाची रेकॉर्ड बुडाली. ती कोलकात्याला परतली, लग्न झालं, मुलगा झाला, संसार. रेकॉर्डबद्दल कुणी बोललं नाही, तिनंही नाही.

आणि इकडे परदेशात जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्यांनी तिची रेकॉर्ड शोधून काढली. मोठमोठ्या किमती देऊन लोक ती घेऊ लागले, मोबाइलवर लाखो लोक 'आज शनिबार' ऐकू लागले. म्हणजे 'आज शनिवार', बरं का. हे सगळं रूपाला कुणी सांगितलं? तिच्या मुलानं. आपली आई कधी काळी गायची आणि जग तिला शोधतंय, हे त्याला इंटरनेटवर कळलं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या न्यूमरो ग्रुपनं ती रेकॉर्ड रीतसर पुन्हा काढली.

'आज शनिबार' मी कणीक मळता मळता ऐकलं. गाण्यात दुःख काही नाही, उलट शनिवारची मौज आहे. तरी माझे डोळे भरून आले. लग्नाआधी माझी प्रवेशिका पूर्ण झाली होती आणि मध्यमाचा फॉर्म भरलेला होता. माहेरून पेटी आली होती, ती पहिल्या वर्षी कपाटावर आणि दुसऱ्या वर्षी माळ्यावर गेली. इथं कुणी गाऊ नको म्हटलं नाही, खोटं कशाला बोलू? फक्त गा असंही कुणी म्हटलं नाही, आणि मीही विचारलं नाही. त्या रात्री धाकट्याला फोनवर हे सांगितलं. "तू गायचीस?" तो ओरडलाच. तेवीस वर्षांच्या मुलाला आपली आई गायची हे माहीत नव्हतं, ह्यात दोष कुणाचा ते मी ठरवू शकत नाही. त्या दिवशी आम्ही चाळीस मिनिटं बोललो. जेवलास का, हे विचारायचं राहूनच गेलं.

बायकांची नावं निघालीच आहेत तर आणखी दोघींची सांगते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग नावाचं सिंथेसायझर आलं होतं, ह्यावर तुमचा विश्वास बसेल? त्याच्यामागे होत्या गीता साराभाई. त्या काळात बायका ज्याला हात लावत नसत तो पखवाज शिकलेल्या. १९४६ साली न्यूयॉर्कला जाऊन त्यांनी जॉन केज ह्या संगीतकाराला आपलं संगीत शिकवलं होतं. अहमदाबादच्या त्या स्टुडिओत झालेलं काम फितींवर गुंडाळून कपाटात पडलं होतं. पॉल पर्गस ह्या ब्रिटिश कलावंतानं ते शोधलं आणि २०२३ मध्ये 'द एनआयडी टेप्स' म्हणून बाहेर आलं. प्रामाणिकपणे सांगते, ही गाणी नाहीत. पक्ष्यांसारखे, पाण्यासारखे, नळ गळल्यासारखे आवाज आहेत. स्वयंपाक करताना लावू नका, नळ तपासायला धावाल! पण दुपारी सगळं आवरून पडल्यावर दहा मिनिटं ऐकून बघा.

दुसरी इंग्लंडची डेलिया डर्बिशर. बीबीसीत होती. १९६३ साली 'डॉक्टर हू' ह्या मालिकेचं शीर्षकसंगीत तिनं केलं. चाल दुसऱ्याची, पण आवाज सगळे तिनं घडवलेले. त्या वेळी तिच्याकडे सिंथेसायझर नव्हतं. ती एकेक आवाज फितीवर घ्यायची, फीत कापायची, जोडायची, पुन्हा कापायची. शिवणकामच म्हणा ना! दिव्यावरची पत्र्याची हिरवी शेड वाजवून आलेल्या नादावर तिनं काय काय केलं आहे. हे वाचल्यापासून आमच्या घरात पितळी पातेलं जरा आदरानं ठेवलं जातं. नादही काय सुरेख आहे त्याचा!

आता रॉक. ह्या शब्दानं मला धडकी भरायची, कारण तो प्लग उपटला गेला ते रॉकच होतं. तरी धाकट्यानं धोरणानं सुरुवात केली 'इंडियन ओशन' ह्या दिल्लीच्या मंडळींपासून. २००० साली आलेला त्यांचा 'कंदिसा' हा अल्बम. त्यात 'मा रेवा' आहे. रेवा म्हणजे आपली नर्मदा. तिच्या काठचं पारंपरिक गाणं, त्यावर गिटार आणि तबला. त्यांतले गायक राहुल राम परदेशातून डॉक्टरेट घेऊन आलेले आणि नर्मदा बचाव आंदोलनात काम केलेले, त्यामुळे ते गाणं त्यांनी शहरात बसून उचललेलं नाही, हे ऐकताना जाणवतं. 'कंदिसा' हे शीर्षकगीत केरळच्या सीरियन ख्रिस्ती लोकांच्या प्राचीन भाषेतली प्रार्थना आहे. शब्द एक कळत नाही आणि अंगावर काटा येतो.

'मा रेवा' लागलं होतं तेव्हा हे बाहेर बसले होते. एकदा अमरकंटकला जाऊन आल्यापासून नर्मदा म्हटलं की हे हळवे होतात. गाणं संपलं. थोड्या वेळानं मला मोबाइलचा नंबर लावल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ ह्यांचा, "अरे, ते नर्मदावाले कोण रे? त्यांचं आणखी काही आहे का?" प्लग उपटल्यानंतर ह्यांनी मुलाला स्वतःहून केलेला तो पहिला फोन. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. फोडणी मात्र करपली.

ह्याच्या पलीकडचं, म्हणजे ज्यात गायक घसा खरवडून गर्जना करतात ते, मला अजून झेपत नाही. हेवी मेटल म्हणतात त्याला. पण एक गंमत सांगते. मुंबईच्या 'डेमॉनिक रिझरेक्शन' ह्या अशाच भयंकर नावाच्या चमूचे गायक साहिल मखिजा 'हेडबँगर्स किचन' नावाचा पाककृतींचा कार्यक्रम चालवतात! गर्जना करणारा माणूस इतक्या निगुतीनं पदार्थ करून दाखवतो की बघत राहावं. त्यांचं गाणं मी पाच मिनिटांत बंद केलं आणि कार्यक्रम दोन तास बघितला.

जर्मनीच्या 'क्राफ्टवर्क'चं 'ट्रान्स-युरोप एक्सप्रेस', १९७७ सालचं, आमच्यासारख्या रुळाशेजारी राहणाऱ्यांनी जरूर ऐकावं. यंत्रांवर आगगाडीची लय धरली आहे. त्यांचंच 'ऑटोबान' बावीस मिनिटांचं आहे, तेवढ्यात वरण-भाताचा कुकर होऊन निवतोसुद्धा. आणि अगदी अलीकडचं, मराठीतलं म्हणाल तर २०२४ मधलं 'तांबडी चामडी'. क्रेटेक्स आणि श्रेयस ह्या आपल्या मराठी मुलांचं, आणि काढलं स्पिनिन ह्या हॉलंडच्या कंपनीनं. ठेका तोच शिकागोकडचा, भाषा आपली. आमच्या महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला एकीनं ते लावलं आणि पन्नाशीच्या बायका पदर खोचून उभ्या राहिल्या. त्यावर पुढं मंडळात काय चर्चा झाली ते इथं लिहीत नाही!

एक-दोन व्यवहाराच्या गोष्टी. ही सगळी नावं मोबाइलवर शोधली की सापडतात, विकत काही घ्यावं लागत नाही. स्पीकर शेगडीपासून आणि कुकरच्या वाफेपासून दूर, शक्यतो खिडकीशी ठेवावा. ह्या संगीतात खर्ज फार असतो आणि तो भिंतीतून शेजाऱ्यांकडे जातो. स्पीकरखाली जाड सतरंजीची चौघडी घातली तर बराच कमी होतो. मुलं कानात बोंडं घालून ऐकतात, त्यांच्यावर नुसतं ओरडून उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की मोठ्या माणसांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला चाळीस तासांपेक्षा जास्त ऐकू नये. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल. आजकाल पुष्कळ मोबाइलमध्ये ही मर्यादा घालून ठेवायची सोय असते. ती सोय मुलालाच शोधायला सांगा. आपण लावली तर तो काढून टाकेल, त्यानं लावली तर राहील.

दिवाळीला धाकटा चार दिवस आला होता. आल्या आल्या शिडी लावून माळ्यावर चढला आणि पेटी खाली काढली. उंदरांनी भाता कुरतडला होता, आत झुरळांनी संसार थाटला होता. ह्यांनी स्वतः पुसून काढली आणि दुरुस्तीला नेली. परवा ती घरी आली. षड्ज छान लागतो, मध्यमही. कोमल गांधार मात्र अजून मुका आहे, आणि सासूबाईंना मालकंस हवाय. पुढच्या मंगळवारी ये म्हणालाय दुरुस्तीवाला.